न घेतलेला पगार

बेळगावातल्या कॉलेजांची नावे एका दमात घेऊन पाहा. लिंगराज, राजा लखमगौडा, राणी पार्वतीदेवी, गोविंदराम सेक्सरिया, गोगटे. गावातल्या दानाचा निम्मा इतिहास तिथेच सांगून होतो. सिरसंगीचे देसाई, वंटमुरीचे सरदेसाई, सावंतवाडीचे राजघराणे, मुंबईचे व्यापारी, इथले उद्योजक. ज्यांच्याकडे होते त्यांनी दिले, आणि ज्या मुलांना ते कधी भेटणार नव्हते त्या मुलांसाठी दिले. त्या पाट्यांपुढून जाताना आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

पण देणाऱ्यांचा एक वर्ग या पाट्यांवर नाही. त्यांच्याकडे द्यायला जमीन नव्हती, वतन नव्हते, पेढी नव्हती. होती ती पदवी, आणि त्या पदवीवर सहज मिळणारी सरकारी नोकरी. ती नोकरी त्यांनी घेतली नाही, आणि ज्या शाळेत किंवा कॉलेजात राबले तिथे पोटापुरतेच घेतले. न घेतलेल्या पगाराची पावती फाडत नाहीत. म्हणून या देणगीची बेरीज कुठल्याच अहवालात सापडत नाही.

ही गोष्ट मला टोचते, त्याला कारण आहे. ज्या कॉलेजात मी शिकलो त्याच कॉलेजच्या ऑफिसात निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. आधी फीच्या खिडकीवर, मग हिशेबाच्या टेबलावर. कीर्द, खतावणी, पगारपत्रक, देणगीचे पावतीपुस्तक हीच माझी रोजची पोथी. संस्था कशावर चालते हे भाषणांपेक्षा खतावणीत लवकर कळते. इमारत एकदा बांधायची असते, पगार दर महिन्याच्या एक तारखेला द्यावा लागतो. मोठी देणगी इमारतीला पुरते. एक तारीख कोणाला ना कोणाला सोसावी लागते.

ती सोसण्याची रीत आपल्याकडे पुण्याहून आली. पण तिचा एक धागा निपाणीपासून फार लांब नसलेल्या कागलात आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म 1866 सालचा, कोतळूकचा, रत्नागिरीकडचा. वडील कागल संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे गोपाळचे सुरुवातीचे शिक्षण कागलात आणि पुढचे कोल्हापुरात झाले. 1879 साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव तेव्हा शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि महिना 15 रुपयांची नोकरी धरली. त्यातले 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणाला पाठवत. अर्ध्याहून जास्त पगार भावाकडे जाई आणि उरलेल्या 7 रुपयांत घर चाले.

1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोपाळराव पदवी घेऊन बाहेर पडले. घरच्यांनी काढलेले कर्ज, भावाने घातलेला पैसा, सगळे फेडायचे होते. त्या काळी इतक्या लहान वयात बी. ए. झालेल्या मुलाला सरकारी खात्यात मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. गोखले गेले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला, आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले.

आजीव सभासद हा शब्द आज छापील पावतीवर दिसतो. ठरलेली रक्कम भरली की माणूस कुठल्याही वाचनालयाचा आजीव सभासद होतो. तेव्हा रक्कम भरायची नव्हती, आयुष्य भरायचे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1880 साली शाळा काढली. आगरकर त्यांना लवकरच येऊन मिळाले. 1884 साली सोसायटी झाली, 1885 साली फर्ग्युसन कॉलेज. नियम असा की सभासदाने वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि ठरलेल्या वेतनावर राहायचे. सुरुवातीला ते तीस-चाळीस रुपये होते, पुढे 75 झाले. गोखल्यांनी, आणि मागून आलेल्या महर्षी कर्व्यांनी, त्या 75 रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवले.

यावरून भांडणेही झाली. सभासदाने बाहेर कमवावे की नाही, वेतन वाढवावे की नाही, यावर टिळक आणि आगरकर-गोखले यांच्यात कडाक्याचे मतभेद होते. 1890 साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मला ती भांडणे लाजिरवाणी वाटत नाहीत. पाच-दहा रुपयांवरून इतकी थोर माणसे भांडली, कारण त्यांच्या घरात पाच-दहा रुपयांना खरोखर किंमत होती. ज्याला काही सोडावेच लागत नाही त्याला असला वाद घालण्याची वेळ येत नाही.

नेमके त्याच सुमारास तिकडे लाहोरात हेच घडत होते. 1886 साली तिथे दयानंद अँग्लो-वेदिक शाळा निघाली. लाला हंसराज बिनपगारी मुख्याध्यापक झाले आणि पंचवीस वर्षे शाळेचे व कॉलेजचे काम त्यांनी पगार न घेता केले. मग खाल्ले काय? थोरले बंधू मुल्कराज आपल्या 80 रुपयांच्या पगारातले 40 रुपये दरमहा त्यांना देत. कागलचे गोविंदराव आणि लाहोरचे मुल्कराज यांची कधी गाठ पडली नसेल. पण दोघांनी एकच काम केले. एका भावाने देशाला आयुष्य दिले, ते देता यावे म्हणून दुसऱ्याने आपला पगार वाटून घेतला. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्याचा धडा असतो, दुसऱ्याची ओळ असते. तीही नेहमी नसते.

पुण्याची ही रीत दक्षिणेला आली आणि बेळगावात तिने मूळ धरले. 13 नोव्हेंबर 1916 रोजी इथे एक अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा सुरू झाली आणि तिच्यातून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आज जी के. एल. ई. म्हणून सगळ्या देशाला ठाऊक आहे ती हीच. सुरू करणारे सात जण होते: शि. शि. बसवनाळ, एम. आर. साखरे, एच. एफ. कट्टीमनी, बी. बी. ममदापूर, बी. एस. हंचिनाळ, पी. आर. चिकोडी आणि व्ही. व्ही. पाटील. बेळगावचे लोक त्यांना सप्तर्षी म्हणतात. सगळे शिकलेले, सगळे तरुण. बसवनाळ 1893 सालचे, म्हणजे शाळा निघाली तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. फर्ग्युसनचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तोच कित्ता त्यांनी गिरवला: आजीव सभासद व्हायचे, थोडक्या वेतनावर राहायचे, आणि शाळेतून आपला मुलूख घडवायचा.

तेव्हाचा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. कॉलेज शिकायचे तर मुलाला पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागे. धारवाडचे कर्नाटक कॉलेज 1917 चे. लिंगायत समाजात शेतकरी आणि व्यापारी पुष्कळ, पण पदवीधर थोडे. समाजातल्या जाणत्या लोकांना हे आधीच कळले होते. रावबहादूर अरटाळ रुद्रगौडा आणि गिलगंची गुरुसिद्दप्पा यांनी शिक्षणासाठी निधी उभारण्याचे काम 1883 पासून चालवले होते. त्या दोघांची नावे पुढे बेळगावच्या शाळेला लागली. जुने लोक तिला जी. ए. हायस्कूल म्हणतात. सिरसंगीचे लिंगराज देसाई 1906 साली वारले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली इस्टेट मृत्युपत्राने विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. वंटमुरीचे राजे लखमगौडा पाठीशी उभे राहिले. हिडकलच्या धरणाला ज्यांचे नाव आहे ते हेच.

म्हणजे भांडवल होते, पण रोज वर्गात उभे राहणारी माणसे नव्हती. ती सात जणांच्या रूपाने मिळाली. देसायांची इस्टेट आणि सात मास्तरांचे आयुष्य, या दोन्हींची गाठ पडली तेव्हा कुठे संस्था झाली. 1933 साली लिंगराज कॉलेज निघाले. 1947 साली हुबळीला इंजिनिअरिंग कॉलेज, 1963 साली बेळगावला जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. पुढे 2006 साली अभिमत विद्यापीठ झाले. आज त्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, इकडे गोव्यापर्यंतचे रोगी येतात. ओपीडीच्या रांगेत मराठी, कानडी, कोकणी, उर्दू सगळे ऐकू येते. रांगेतल्या कोणाला बसवनाळ किंवा साखरे ही नावे ठाऊक नसतात. साखरे यांनी लिंगायत धर्माच्या इतिहासावर आणि तत्त्वज्ञानावर लिहिलेला मोठा इंग्रजी ग्रंथ 1942 साली बेळगावातून निघाला, बसवनाळांनी वचनसाहित्याच्या संपादनात आयुष्य घातले, हेही अभ्यासकांपुरतेच उरले आहे. ही माणसे शिकवत होती, लिहीत होती, संस्थेसाठी गावोगाव निधी मागत फिरत होती, आणि घर थोडक्यात चालवत होती.

मी मराठी घरातला. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर आमच्या भागात जे झाले त्याची झळ आमच्या पिढीला लागली आहे, आणि सीमाप्रश्नावरची माझी मते माझ्यापाशी आहेत. तरीही, किंबहुना म्हणूनच, हे स्पष्ट लिहितो: पुण्याच्या मराठी मास्तरांनी घालून दिलेली रीत बेळगावच्या कानडी मास्तरांनी निष्ठेने चालवली, आणि तिचे फळ दोन्ही भाषांच्या मुलांनी खाल्ले. त्यागाची ही शिकवणी घेताना कोणी कोणाची भाषा विचारली नव्हती.

निपाणीकडे पाहिले तर हीच रीत आणखी अवघड वाटेने गेलेली दिसते. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. तंबाखूच्या वखारींचे हे गाव. वखारीत राबणाऱ्या घरांतली मुले शाळेपर्यंत पोहोचणेच मुश्कील, पोहोचली तर राहायचे कुठे हा प्रश्न. बाबासाहेबांनी त्यासाठी वसतिगृहांचा मार्ग धरला. धारवाडला 1929 साली निघालेल्या वसतिगृहाची व्यवस्था निपाणीचे बळवंतराव वराळे पाहत. 1937 साली ते विधिमंडळावर निवडून गेले, आणि पुढे बाबासाहेबांच्या शब्दाखातर औरंगाबादला मिलिंद कॉलेजच्या कामात गेले. वसतिगृह चालवणे म्हणजे काय, हे ज्याने रोज सकाळी पन्नास पोरांच्या पिठाची काळजी केली त्यालाच कळते. तिथे दान एकदा देऊन मोकळे होता येत नाही.

निपाणीच्या मुलांना कॉलेज मिळाले ते 1960 च्या सुमारास, आणि तेही गावाला खेटून पण राज्याच्या हद्दीपलीकडे. निपाणी कर्नाटकात, अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीतून निघालेला विद्यार्थी पहिल्या तासाला हद्द ओलांडतो आणि दुपारी डबा खायला परत कर्नाटकात येतो. तंबाखूच्या व्यापारातला पैसा शिक्षणाकडे वळला याचे हे ठळक उदाहरण आहे. नकाशावरची रेघ देणाऱ्याला अडवत नाही, हे निपाणीच्या पोरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

थोडे पश्चिमेला आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत 1907 साली जन्मलेले जे. पी. नाईक हे या परंपरेचे टोक. त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात कित्येक वर्षे ग्रामसुधारणेचे काम केले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते. कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव. भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार असताना त्यांनी वेतन घेतले ते नाममात्र एक रुपया. देशाच्या शिक्षणाचे धोरण ज्याच्या टेबलावरून जात होते, त्याच्या पगारपत्रकात एक रुपया. मी हिशेबाचा माणूस, त्या आकड्याकडे मी फार वेळ पाहत बसतो. शून्य लिहिले असते तर ती नुसती हौस ठरली असती. एक रुपया लिहिला म्हणजे नोकरीची जबाबदारी घेतली आणि तिचा मोबदला सोडला.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहिले त्याकडे येतो. पगार न घेणारा माणूस एकटा दान करत नाही. त्याच्या घरातले सगळे करतात, आणि त्यांना बहुधा कोणी विचारलेले नसते. गोविंदरावांनी शिक्षण सोडले. मुल्कराजांनी निम्मा पगार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या 1930 साली गेल्या. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आपण कर्मवीरांच्या नावाने ओळखतो ते योग्यच आहे, पण त्या वटवृक्षाला घातलेले पाणी लक्ष्मीबाईंच्या घरातल्या घागरीतले होते.

बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे याच ओळीत बसतात. नाटके, पुस्तके आणि प्रयोग यांतून मिळालेला पैसा त्यांनी आणि पत्नी सुनीताबाईंनी प्रतिष्ठान करून वाटला. 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र निघाले त्याच्या मुळाशी तो पैसा आहे. पण तो पैसा साठला कसा? सुनीताबाईंनी साधेपणाने आणि काटेकोर हिशेबाने घर चालवले म्हणून. देणारा हात पु. लं.चा दिसला, पण त्या हातात काही शिल्लक राहील याची तजवीज घरात झाली होती.

आमच्या ऑफिसात एक जुने पावतीपुस्तक होते. गरीब विद्यार्थी फंडाचे. पिवळी पडलेली स्थळप्रत, जांभळ्या कार्बनची अक्षरे, डाव्या कोपऱ्यात नंबर, मधे ‘रा. रा.’ आणि खाली ‘हस्ते’ अशी एक ओळ. मोठ्या रकमा त्यात नव्हत्या. एका शिपायाचा दर जूनमध्ये एक रुपया. ग्रंथपालाचे दर महिन्याचे दोन रुपये, त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेले ‘नाव छापू नये’. हा ग्रंथपाल आमच्याच कॉलेजात शिकलेला आणि तिथेच नोकरीला लागलेला होता. तो निवृत्त झाल्यावरही त्याचे दोन रुपये येत राहिले. त्याच्या निधनानंतरच्या पावत्यांवर ‘हस्ते’ पुढे त्याच्या बायकोचे नाव होते. रक्कम तीच, महिना चुकलेला नाही. पेन्शन आता निम्मी येत असणार. तरी त्या बाईंनी ती ओळ थांबू दिली नाही.

त्या फंडातून कोणाची फी भरली गेली याची यादी वेगळ्या वहीत असे आणि ती वही प्राचार्यांच्या कपाटात असे. ज्याची फी भरली त्यालाही देणाऱ्याचे नाव कळत नसे. या रीतीमुळे किती मुले मान खाली न घालता पदवीपर्यंत गेली, ते मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असे. खिडकीत येऊन मुलगा म्हणे, ‘सर, बाबांनी अजून पाठवले नाहीत.’ मी रजिस्टर बघून म्हणे, ‘तुझी भरली आहे, सही कर.’ तो काही विचारत नसे आणि आम्ही काही सांगत नसू.

आता एक गोष्ट सोडून चालणार नाही. न घेतलेला पगार वेगळा आणि न दिलेला पगार वेगळा. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना कॉलेजांत अतिथी व्याख्याते आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. पीएच. डी. झालेली, नेट-सेट झालेली मुले तासाच्या हिशेबाने पैसे घेतात, आणि तेही महिनोन्‌महिने थकतात. त्यांच्यापुढे कोणी गोखल्यांचे 75 रुपये किंवा सप्तर्षींचा त्याग सांगू लागले तर मला राग येतो. गोखल्यांपुढे दुसरी नोकरी होती आणि त्यांनी ती नाकारली. या मुलांपुढे दुसरी नोकरी नाही. ज्याला निवडीला जागा नाही त्याच्या कमी पगाराला त्याग म्हणणे हा त्या जुन्या माणसांचाही अपमान आहे. त्याग दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. करवून घेतला की त्याचे नाव पिळवणूक.

म्हणून शिक्षकाला पुरा पगार वेळेवर मिळाला पाहिजे, याच्याशी या परंपरेचा काही विरोध नाही. उलट पुरा पगार घेणाऱ्यालाच आज ती चालवता येते. आमच्या पिढीतल्या कायम नोकरीवाल्यांना वेतन आयोग मिळाले, पेन्शन मिळाली, घरे झाली. आम्हाला पगार सोडायची गरज कधी पडली नाही, कारण आधीच्या पिढीने तो सोडून संस्था उभ्या करून ठेवल्या होत्या. आमच्यावर त्यांचे देणे आहे, आणि ते फेडण्याची जागा ओळखीची आहे: जिथे शिकलो, जिथे पगार घेतला, तिथल्या फीच्या खिडकीवर आज उभे असलेले मूल.

दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते, आणि दोन्ही कुठल्याही संस्थेला झेपण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक जुन्या कॉलेजने आपल्या शताब्दीच्या किंवा अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात मोठ्या देणगीदारांच्या यादीशेजारी दुसरी यादी छापावी. संस्थेत कमी वेतनावर राबलेल्या शिक्षकांची, शिपायांची, कारकुनांची, आणि त्यांच्या घरच्यांची. जुनी पगारपत्रके अजून रद्दीत गेली नसतील तर त्यांच्यातून ती काढता येते. दुसरी, गरीब विद्यार्थी फंडाचे पावतीपुस्तक पुन्हा खिडकीवर ठेवावे. ऑनलाइन ठेवा, हरकत नाही, पण ‘नाव छापू नये’ ही सोय त्यात असू द्या, आणि ‘हस्ते’ची ओळ काढू नका. माझ्या पेन्शनमधून मी माझा आकडा ठरवला आहे, आणि माझ्या पश्चात तो कोणाच्या हस्ते जायचा हे घरी विचारून, त्यांच्या संमतीने लिहून ठेवले आहे.